मेंढरं उठलेल्या जागेवर मांडव

आमच्या धंद्यात लोक वर बघतात. झालर कशी आहे, झुंबर केवढं आहे, नवरानवरीच्या मागचा पडदा कुठल्या रंगाचा आहे. मी मात्र जन्मभर खाली बघत आलो. मंडप जमिनीवर उभा राहतो, पंगत जमिनीवर बसते, आणि पाहुण्यांना चावणारं जे काही असतं तेही बहुतेक जमिनीतूनच वर येतं. वरचं सगळं माझ्या गोदामातलं असायचं, खालचं यजमानाचं. पण चावलं की शिव्या मात्र मंडपवाल्याला.

घोडनदीला, म्हणजे सरकारी भाषेत शिरूरला, बाजारपेठेच्या मागच्या बाजूला माझं मंडपाचं दुकान होतं. आता मुलगा चालवतो आणि तो त्याला 'इव्हेंट' म्हणतो. मी लिहितोय तो काळ नव्वद सालानंतरचा. रस्त्याकडेला लॉन आणि मंगल कार्यालयं नुकती कुठं उगवायला लागली होती, पण ती ज्याची ऐपत असेल त्याला. बाकी शिरूर आणि दौंड दोन्ही तालुक्यांत लग्न लागायचं ते घरापुढच्या रानात. ज्वारी-गहू निघाला की रान मोकळं व्हायचं. कुळवाच्या दोन पाळ्या घालायच्या, फळी फिरवून सपाट करायचं, पाणी शिंपडायचं, की झालं कार्यालय.

रान बघायला गेलो की माझी एक पद्धत होती. बैठकीची एक पांढरी चादर बरोबर न्यायची, तिची दोन टोकं धरून ती जमिनीवरून संथ ओढत न्यायची, आणि मग उन्हात उलटी करून बघायची. यजमानाला वाटायचं, आप्पा मापं घेतायत. मी म्हणायचो, व्हय, मापंच घेतोय. चादरीवर काय येतं त्यावर पुढचं सगळं ठरायचं. गोचिडीची पिल्लं असली तर मिरपूड सांडल्यासारखी दिसतात, फक्त ही मिरपूड चालते. पिसू असली तर ती दिसेपर्यंत उडालेली असते. लाल मुंग्यांचं वारूळ जवळ असलं तर चादरीला कडेनं माणकं लावल्यासारखी रांग येते, आणि मग बुंदीची खोली तिथून जितकी लांब करता येईल तितकी करायची. डासांचं काही करता येत नाही. हॅलोजन लावला की तो डासांना पाठवलेली पत्रिकाच असतो.

माझ्याच सामानातले भाडेकरू वेगळे. बांबू पोखरून आत घर करणारे भुंगे, वर्षभर गुंडाळून ठेवलेल्या सतरंजीत मातीचं घरटं बांधणाऱ्या गांधीलमाश्या. एकदा सतरंजी उलगडली आणि वऱ्हाडाच्या आधी गांधीलमाश्याच मंडपात हजर झाल्या. तेव्हापासून सतरंजी नेहमी गावाबाहेर उलगडायची आणि झाडून मगच आत न्यायची, हा माझ्या दुकानाचा नियम झाला. माझी माणसं त्यावरून मला हसायची. पण चावून घेतलेला माणूस नियम विसरत नाही.

सगळ्यात अवघड म्हणजे जो दिसतच नाही तो. कारेगावच्या बाजूला कारखाने उभे राहायला लागले तेव्हा भूमिपूजनाचे मंडप मला मिळायला लागले. पावसाळा संपता संपता असाच एक कार्यक्रम होता. जागा गवताची, कमरेएवढं गवत आदल्याच दिवशी कापलेलं. कार्यक्रम झकास झाला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मॅनेजरचा निरोप, ताबडतोब या. गेलो तर साहेब खुर्चीवर तिरके बसलेले. पट्ट्याखाली आणि मोज्यांच्या कडेला लाल गांध्या उठलेल्या, इलॅस्टिक जिथं आवळतं तिथं ओळीनं. गवतातला तो लाल किडा सुईच्या टोकाएवढाही नसतो. पायावरून चढत जातो, कपडा जिथं घट्ट होतो तिथं अडतो आणि तिथंच चावतो. दुसऱ्या दिवशी खाज सुटते, तोवर किडा निघून गेलेला असतो. साहेब हिंदीत म्हणाले, "आपकी कुर्सियों में खटमल है." मी म्हटलं, साहेब, ढेकूण काय पट्टा बघून चावतो का? पण त्यांचं मत काही बदललं नाही. पुढचं काम त्यांनी पुण्याच्या मंडपवाल्याला दिलं. ते बहुतेक उन्हाळ्यात असावं, कारण त्याच्या खुर्च्यांत ढेकूण निघाले नाहीत. मी मात्र तेव्हापासून गवत असलेली जागा आठवडाभर आधी कापून ऊन खायला ठेवायला लावायचो, आणि माझ्या माणसांना काम झालं की आधी साबण लावून अंघोळ आणि कपडे कढत पाण्यात, हे सक्तीचं केलं.

लोक विचारतात, औषध का नाही मारायचं? मारायचो, पण पंगतीच्या जागेवर कधीच नाही. पत्रावळ जमिनीवर, माणूस जमिनीवर, आणि लहान पोर सांडलेली बुंदी वेचून तोंडात घालणार. अशा जागेवर पांढरी पावडर टाकून वर सतरंजी अंथरणारा एक मंडपवाला मला माहीत होता. माणूस चांगला होता, पण त्याच्या मांडवात मी कधी जेवलो नाही.

आता कासुर्डीच्या लग्नाचं सांगतो, कारण त्या लग्नात माझं कापड आणि बांबू कमी उपयोगी पडले.

यवतच्या पुढं महामार्गापासून थोडं आत सोपानरावांची वस्ती होती. जात धनगर. वडिलांच्या काळापर्यंत घर मेंढरांमागं फिरणारं. सोपानरावांनी विहीर पाडली, ऊस लावला, दारात दगडी ओटा केला आणि ते पक्के शेतकरी झाले. त्यांचे थोरले भाऊ धुळाबापू यांना ओटा मानवला नाही. त्यांनी मेंढरं ठेवली. वर्षातून एकदा रान मोकळं झालं की बापू आपली मेंढरं घेऊन धाकट्याच्या रानात बसायचे. रात्रभर मेंढरं रानात बसली की लेंडी-मुताचं असं खत होतं की वरून पोतं टाकायची गरज नाही. दुसरे शेतकरी त्यासाठी धनगराला धान्य देतात. बापू भावाकडून काही घेत नसत. जमिनीत वाटा मागायच्या ऐवजी ते असं उलट धाकट्याच्या जमिनीलाच देऊन जायचे.

त्या वर्षीही मेंढरं येऊन बसली होती. तेवढ्यात सोपानरावांच्या मुलीचं, मंदाचं, लग्न ठरलं. मुलगा कारेगावला राहणारा, कंपनीत पर्मनंट. चुलतेही कंपनीत. सोपानरावांना मुलाच्या घरचा रंगवलेला जिना, सोफा, फ्रीज सगळं दिसलं, आणि आपल्या दारातली मेंढरं एकदम दिसायला लागली. त्यांनी भावाला सांगितलं की लग्न आहे, पाहुणे कंपनीतले आहेत, वास येतो, तुम्ही जरा दुसरीकडे बसा. बापूंनी त्याच दिवशी तळ उचलला. सोपानरावांनी रान झाडून घेतलं, लेंडी गोळा केली, फळी फिरवली आणि कोणाला तिथं पाय ठेवू दिला नाही. जवळजवळ महिनाभर ते रान नवऱ्या मुलीसारखं जपलं.

लग्नाच्या दोन दिवस आधी मी टेम्पो घेऊन न्हावरे-चौफुला रस्त्यानं तिथं पोचलो. बरोबर माझा मुकादम काशिनाथ. रान खरोखर सुंदर होतं, सपाट, एक ढेकूळ नाही. सोपानराव अभिमानानं म्हणाले, "आप्पा, बघा. चादर वढायची गरज न्हाई." मी पायताण काढून आत शिरलो. मी पांढरा लेंगा घालतो. दहा-पंधरा पावलं गेलो असेन, खाली बघितलं तर गुडघ्यापर्यंत लेंगा काळ्या ठिपक्यांचा झाला होता आणि ठिपके वर सरकत होते. मागं काशिनाथ दोन्ही पायांवर आळीपाळीनं नाचत होता. चादर ओढलीच नाही. आम्ही दोघं विहिरीच्या हौदाकडे पळालो.

यातलं गुपित साधं आहे. मेंढरं बसलेली असतात तोवर पिसवांना माणसाची गरज नसते, त्यांचं जेवण समोर बसलेलं असतं. मेंढरं उठली की मातीत राहिलेली पिल्लावळ वाढते आणि दबा धरून बसते. वरून पावलाचा धक्का बसला की भुकेलेल्या सगळ्या एकदम वर येतात. म्हणून नुकतीच मेंढरं उठलेली जागा मेंढरं बसलेल्या जागेपेक्षा वाईट. सोपानरावांनी पाहुण्यांसाठी मेंढरं हलवली आणि महिनाभर पिसवांची भूक वाढवली. मेंढरं तिथंच असती तर एवढा त्रास झाला नसता.

मग सोपानराव स्वतः आत जाऊन आले. बाहेर येऊन बांधावर बसले आणि धोतर वर करून पायाकडे बघत राहिले.  मग म्हणाले, "आप्पा, आलेला पाव्हना खाजवत उठला तर पोरीला जल्मभर ऐकावं लागंल. तुझ्या बापाच्या दारात पिसवा हायत म्हन्तील. घरात भांडान झालं की त्येच काढत्याल."

ते खरं होतं. मुलीच्या घरचं एवढंसं निमित्त सासरच्यांना बारा महिने पुरतं.

दुसरी जागा नव्हती. एका बाजूला ऊस उभा, दुसऱ्या बाजूला कांद्याची आरण, म्हणजे पाल्यानं झाकलेला ढीग, पुढं रस्ता. काशिनाथ म्हणाला, पाचट पसरून पेटवून देऊ. एरवी तो नामी उपाय आहे, पण चैत्राचं वारं सुटलेलं आणि बांधाला लागून वाळत आलेला ऊस. लग्नाआधी होळी झाली असती. सोपानरावांनी पावडरीचं नाव काढलं, त्याला मी नाही म्हटलं. रॉकेल शिंपडा म्हणाले, त्यावर मी नुसतं आचाऱ्याच्या चुलाणाकडे बोट दाखवलं. भावकीतली चार-पाच माणसं जमली होती. प्रत्येक जण काही तरी बोलत होता आणि प्रत्येक जण एक गोष्ट बोलायची टाळत होता. हे माझ्या ध्यानात आलं ते सोपानरावांच्या बायकोमुळे. त्या ओट्यावर गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मेंढरं आना."

 उपाय सगळ्यांना ठाऊक होता. आमच्या भागात कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. घरात पिसवा झाल्या की दोन मेंढ्या आत सोडून दिवसभर दार लावून घ्यायचं. पिसू लोकरीत शिरते आणि तिथंच गुंतून राहते. धनगराच्या घरात तर हे सांगायचीही गरज नाही. सोपानराव लहानपणी हेच करत मोठे झाले होते. अडचण उपायाची नव्हती. मेंढरं कोणाची आणायची, ही अडचण होती.

सोपानराव म्हणाले, "त्यो यायचा न्हाई."

"तुमी सोता गेलासा तर येत्याल," बाई म्हणाल्या आणि पुन्हा गव्हातले खडे काढू लागल्या.

टेम्पो माझाच होता, म्हणून मीच घेऊन गेलो. बापू खुटबावच्या बाजूला कालव्याच्या कडेला असल्याचं कळलं होतं. वाटेत सोपानराव माझ्याशी उसाच्या उताऱ्याबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले, मध्येच थांबून खिडकीबाहेर बघत राहिले. मी त्यांना काय बोलायचं ते शिकवायला गेलो नाही. भावाभावांच्या मध्ये मंडपवाल्यानं बांबू रोवू नये.

तळ सापडला. कुत्री धावून आली, बाभळीला घोडी बांधलेली, दगडांच्या चुलीवर भाकरी चाललेल्या. धुळाबापू बसल्या बसल्या एका कोकराच्या पायातला काटा काढत होते. वय साठीचं, अंगानं काटक, डोक्याला लाल मुंडासं. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं. माझी ओळख सोपानरावांनी करून दिली, घोडनदीचे मंडपवाले आप्पा म्हणून. पाणी आलं, चहा आला. सोपानराव चाऱ्याचं बोलले, कालव्याच्या पाण्याचं बोलले. बापू 'व्हय, व्हय' म्हणत होते आणि त्यांचं लक्ष भावाच्या पायांकडे होतं. धोतराखाली पोटऱ्यांवर लाल पुरळ उठलेलं दिसत होतं.

"पिसवा का?" बापूंनी विचारलं.

सोपानरावांनी मान हलवली.

"लगीन कवा हाय?"

"परवाच्याला."

तेव्हा मला कळलं की थोरल्या चुलत्याला लग्नाची तारीखसुद्धा माहीत नव्हती. नंतर सोपानराव मला म्हणाले, मी सांगणारच होतो, राहून गेलं. खरं म्हणजे ते राहून गेलेलं नव्हतं. मला त्या घटकेला तिथं बसवेना. मी चहाची कपबशी उगीच हातात धरून ठेवली.

बापूंनी कोकरू सोडून दिलं. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "मेंढरांना आवतान आलं. माझं काय?"

सोपानराव जमिनीकडे बघत राहिले. बापूंनी उत्तराची वाट बघितली नाही. "सकाळी येतू," म्हणाले आणि चुलीकडे वळून आमच्यासाठी दोन भाकरी जास्त टाकायला सांगितलं. आम्ही जेवून निघालो. भाकरी, खर्डा आणि मेंढीच्या दुधाचं दही. सोपानरावांनी भाकरी सगळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत मेंढरं बांधावरून उतरली. दोन-अडीचशे असावीत. बापूंनी ती रानात एका कडेनं घातली आणि सावकाश फिरवत नेली, गोल, मग उलट्या अंगानं गोल, आमच्याकडे पाथ धरून खुरपत जावं तसं एकही पट्टा न सोडता. मग ऊन तापलं तशी मेंढरं डोकी एकमेकांच्या पोटाखाली घालून मधोमध गपगार बसली. आम्ही बांबू, कनाती, सतरंज्या रस्त्याच्या कडेला रचून ठेवल्या आणि वाट बघत बसलो. मंडपवाल्याला वाट बघायची सवय असते, पण मेंढरांच्या उठण्याची वाट मी पहिल्यांदाच बघत होतो.

बापू घरात गेले नाहीत. बांधावर काठी टेकून बसले. सोपानरावांच्या घरच्या वहिनींनी चहा तिथंच नेऊन दिला. मंदा हळदीची तयारी सोडून पाण्याचा तांब्या घेऊन आली, चुलत्याच्या पाया पडली, आणि तिथंच जरा वेळ बसली. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. सोपानराव रानाच्या दुसऱ्या टोकाला काही तरी काम काढून उभे होते.

दुपारी रस्त्यावर जीप थांबली. आमच्याकडे वरपक्षाचं कोणी तरी आदल्या दिवशी येऊन जायची रीत आहे. मांडवाचं तोंड कुणीकडे, वऱ्हाडाच्या गाड्या कुठं लावायच्या, जानवसा कुठं, हे बघायला. नवरदेवाचे चुलते आले होते. इस्त्रीची पँट, खिशाला पेन, पायात कंपनीचे बूट. सोपानरावांचा चेहरा पडला. माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "मागल्या अंगाला घ्यावी का मेंढरं?"

अडीचशे मेंढरं मागच्या अंगाला कशी लपणार होती, देव जाणे. पण बापूंच्या कानावर ते गेलं असावं. ते उठले, काठी सावरली आणि मेंढरं उठवायला तोंडानं आवाज काढला. पुढची दहा-बारा उठली सुद्धा.

"ऱ्हाऊ दे, दादा," सोपानराव म्हणाले. "बसू दे."

चुलते रानाच्या कडेला येऊन उभे राहिले. मांडवाच्या जागी मेंढरं, मांडव रस्त्यावर. त्यांनी साहजिकच विचारलं, ही कोणाची.

सोपानरावांनी घाम पुसला. मग बोलले ते एका दमात बोलले. "आमच्या थोरल्या भावाची. हे उभं हायत त्ये. मीच त्यास्नी हितनं उठवलं, तुमास्नी दिसू ने म्हनून. आता रानात पिसवा झाल्या म्हनून परत बोलावलं. खोटं काय न्हाई सांगत."

 चुलते दोघांकडे बघत होते. मग त्यांनी पँट दोन घड्या वर दुमडली, थेट मेंढरांत शिरले आणि एका मेंढीचा मागचा पाय असा काही धरला की ती जागेवरून हलली नाही. कानामागची लोकर बोटांनी दुभागून आत बघितलं. तसा पाय धरायला शिकवून येत नाही, ते लहानपणी हाताला लागलेलं असतं. "गोचीड लय झालीया, बापू," म्हणाले. "माझा बाप जाईस्तवर आमच्यात बी मेंढरं व्हती. ह्यो शर्ट आत्ता आत्ताचा हाय."

मेंढी सोडून ते बाहेर आले आणि सोपानरावांना म्हणाले, "थोरले असताना उद्या व्याहीभेट तुमच्यासंगं कशी हुईल? पयली भेट यांच्यासंगं."

आमच्याकडे लग्न लागलं की दोन्ही घरचे वडीलधारे मांडवात सगळ्यांसमोर एकमेकांना कडकडून भेटतात, फेटा बांधतात. त्या भेटीचा पहिला मान घरातल्या थोरल्याचा. तो मान सोपानरावांनी मनातल्या मनात स्वतःकडे घेऊन ठेवला होता. त्यांनी तो त्या बांधावर उन्हात परत केला, आणि मला वाटतं, त्यांना हलकं वाटलं. मला तर फारच बरं वाटलं. मी काशिनाथला उगीचच दोन शिव्या घातल्या आणि चल, दोऱ्या सोड, म्हणून कामाला लावलं.

उन्हं कलली तशी बापू मेंढरं घेऊन कालव्याकडे गेले. आम्ही चादर ओढली. सगळं निघून गेलं होतं असं मी म्हणणार नाही, पण जिथं आदल्या दिवशी चादर काळी झाली असती तिथं हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच राहिल्या होत्या. वरून टँकरनं पाणी मारलं, पुन्हा झाडलं, दुहेरी ताडपत्री घातली आणि तिच्यावर सतरंज्या. दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. धुळाबापू कोऱ्या धोतरात आले, पायताण मांडवाच्या दाराशी काढून आत आले. भेटीच्या वेळी नवरदेवाच्या चुलत्यांनी त्यांना मिठी मारली तेव्हा बापूंचा फेटा सरकला, आणि तो सोपानरावांनी मागून दोन्ही हातांनी सावरला. एक वऱ्हाडीण बाई तेवढ्या मला शोधत आल्या आणि म्हणाल्या, तुमच्या खुर्च्यांत ढेकूण आहेत. मी म्हटलं, असतील, उद्याच औषध मारतो. इतक्या आनंदानं तो आरोप मी कधी घेतला नव्हता.

आता अशी रानं बघायला कोणी बोलावत नाही. लॉनवर हिरवं प्लॅस्टिकचं गवत असतं, त्यात किडासुद्धा राहत नाही. पाहुणे खुर्चीवर बसून जेवतात. सोय झाली, नाही कशाला म्हणू? पण जमीन बघायचं कसब माझ्याबरोबरच जाणार, याचं वाईट वाटतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मांडव सोडायला गेलो. घरी सोपानराव नव्हते. वहिनी म्हणाल्या, दोघं कालव्यावर आहेत. टेम्पो भरून परत निघालो तेव्हा मुद्दाम त्या वाटेनं घेतला. मेंढरं बाभळीखाली उभी होती आणि त्यांची अवस्था वाईट होती. अंग झाडत होती, झाडाच्या बुंध्याला घासत होती, दातांनी लोकर चावत होती. आमच्या साडेतीनशे पाहुण्यांना जे चावायचं ते सगळं त्यांनी अंगावर वागवून नेलं होतं.

दोघं भाऊ मातीत बसले होते. मध्ये एक मेंढी आडवी पाडलेली, शेजारी पत्र्याच्या डब्यात रॉकेल. सोपानरावांच्या अंगावर कालचाच लग्नातला पांढरा शर्ट होता, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, समोर छातीवर चिकटलेली लोकर आणि रक्ताचा डाग. ते मेंढीच्या कानामागच्या गोचिडी एकेक काढून डब्यात टाकत होते. हाताची सवय मोडलेली होती, वेळ लागत होता. मी टेम्पो उभा करून हाक मारणार होतो, पण मारली नाही.

बापूंनी पुढं वाकून लोकर बाजूला केली, बघितलं आणि म्हणाले, "डोकं आत ऱ्हायलं. परत धर."

सोपानरावांनी परत धरलं.